घंटीच्या तारेवरचा रेडिओ

लग्न होऊन मी नागपूरला लकडगंजच्या घरात आले आणि घरातल्या माणसांआधी माझी ओळख झाली ती घंटीशी. अंगाची हळद पुरती उतरली नव्हती. स्वयंपाकघरात पाटावर बसून डाळ निवडत होते, तेवढ्यात डोक्यावर काहीतरी कर्रकन किंचाळलं आणि माझ्या हातातलं ताट सुटलं. सासूबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

"भिऊ नको वं," त्या म्हणाल्या. "तुह्ये मामाजी हायेत. पाणी मागून राहिले."

मामाजी म्हणजे सासरे, आणि सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. घर पुढून मागे लांबच लांब. पुढे बैठक, तिला लागून मामाजींची लाकडाची टाल, म्हणजे वखार, आणि लाकूड कापायची आरामशीन, मग अंगण, आणि अंगण ओलांडलं की शेवटी स्वयंपाकघर. बैठकीतून कितीही ओरडून हाक मारा, आरामशीनच्या आवाजात ती अंगणातच विरून जायची. म्हणून मामाजींनी आपल्या गादीशेजारी एक बटण बसवून घेतलं होतं. तिथून दोनपदरी तार भिंतीच्या कडेकडेने, अंगणातून, पन्हाळीखालून थेट आमच्या डोक्यावर आलेली होती. सेलवर चालणारी घंटी. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा, आणि वाजतच राहिली की समजायचं, जेवायला पाहुणा आहे.

मला ती घंटी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झाली. काटोलकडच्या एका खेड्यातली मी, संत्र्याच्या बागेत वाढलेली. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि तिच्या वाटणीचं बोलणंही बाबांनीच बोलून टाकलं. बाबा झाडाशी बोलत, बैलाशी बोलत, मोटेच्या पाण्याशी बोलत, आणि मी तर काय, त्यांची हक्काची श्रोती. अशा घरातून मी आले आणि इथे माझ्याशी एक घंटी बोलायची, तीही हुकूम सोडायला.

सुनेने सासऱ्यासमोर पदर घेऊन उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. मामाजींनाही माझ्याशी थेट बोलायचं नव्हतं. मी समोर असले तरी ते आत्याबाईंना म्हणायचे, "तिले सांग, भाजीत मीठ कमी हाये." आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "मीठ कमी हाये म्हणते." मी आत्याबाईंना सांगायची, "उद्या बघते." त्या मामाजींना सांगायच्या, "उद्या पाहीन म्हणते." तीन माणसं हाताच्या अंतरावर आणि निरोप असा फिरून फिरून पोहोचायचा. मला हसू यायचं, पण पदराखाली हसण्याची सोय असते.

बैठकीत रेडिओ होता. मोठा, लाकडी पेटीचा, आणि ती पेटी मामाजींनी स्वतः निवडलेल्या सागवानाची करून घेतलेली. गच्चीवर जाळीची एरियल, तिची तार खिडकीतून आत. आम्ही बायकांनी बैठकीत जाऊन बसायचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे सकाळ-संध्याकाळ मामाजींची व्यापारी मित्रमंडळी असायची. रेडिओ उचलून स्वयंपाकघरात आणायचं नाव काढलं तर मामाजी म्हणाले असते, मग मलेच उचलून न्या. एकदा आत्याबाईंना भजन ऐकायचं म्हणून आवाज मोठा केला, तर समोरच्या रस्त्यावरचे हमाल उभे राहून ऐकायला लागले आणि स्वयंपाकघरात काही म्हणता काही आलं नाही. जगाला ऐकू जाई, घराला नाही.

यावर उपाय काढला तो ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. हे टालीवर वडिलांच्या हाताखाली काम करायचे, पण जीव सगळा तारा आणि स्क्रू यांत. कुठून तरी एक जुना गोल स्पीकर आणला, पिठाच्या चाळणीएवढा. रेडिओच्या मागे जादा स्पीकरसाठी दोन भोकं असतात असं ह्यांचं म्हणणं. प्रश्न फक्त तारेचा होता. अंगणातून नवीन तार ओढायला मामाजींनी साफ नकार दिला.

"माह्या भिंतीले आता एक खिळा ठोकाचा नाही," ते म्हणाले. नुकताच चुना मारून झाला होता.

 दोन दिवसांनी दुपारी जेवता जेवता हे वर घंटीकडे बघत बसले, इतके की हातातला घास वरणात पडला. "नवी तार पाह्यजेच कायले?" ते म्हणाले. "तार तं हायेच ना घरात. घंटी दिवसातून वाजते किती वेळ? बाकीचा वेळ ती तार बसूनच राह्यते."

झालं, असं ते जमलं. घंटीची तीच तार बैठकीत एका खटक्यावर घेतली. खटका एका बाजूला असला की घंटी, दुसऱ्या बाजूला केला की रेडिओ. आमच्याकडचं टोक ह्यांनी अशा हिशेबाने जोडलं की इकडे काही करायलाच नको. सगळा कारभार बैठकीतल्या खटक्यावर, म्हणजे मामाजींच्या गादीजवळ. ही मामाजींची अट होती. घंटीपेक्षा रेडिओ मोठा होता कामा नये.

पहिल्यांदा त्या चाळणीतून गाणं आलं तेव्हा आत्याबाई पोळपाट सोडून उठल्या आणि स्पीकरला हळदकुंकू लावलं. आवाज थोडा नाकातून यायचा, पण यायचा. मी भाकरी थापत होते आणि गाणं चाललं होतं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला माझेच हात हलके वाटले. ह्यांच्यावर माझा जीव जडला तो लग्नाच्या दिवशी नाही, त्या दिवशी, हे मी त्यांना पुढे पुष्कळदा सांगितलं आहे.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रेडिओ मामाजींचा, त्यामुळे जे मामाजी लावतील तेच आम्हाला. बातम्या, बाजारभाव, पुन्हा बातम्या. ऐन रंगात आलेलं गाणं मधेच तुटायचं आणि घंटी वाजायची: चहा. आत्याबाई बैठकीच्या दिशेने हात करून म्हणायच्या, "मेल्या घंटीले आत्ताच मरण आलं होतं."

त्या तारेचा आणखी एक गुण आम्हाला कळला तो अचानक. दुपारची वेळ, आरामशीन बंद, सगळं सामसूम. रेडिओ बंद होता, पण खटका रेडिओच्या बाजूला राहून गेला होता. आत्याबाई स्पीकरखाली बसून लसूण सोलत होत्या आणि मामाजींच्या स्वभावावर बोलत होत्या. "जनमभर लाकडात राह्यला माणूस, वाकनं मालूमच नाही त्याले. अवं, सागवानबी पावसात थोडं फुगते, पण हे नाही."

तेवढ्यात डोक्यावरून मुंगीएवढा आवाज आला. "मले ऐकू येऊन राहिलं."

आत्याबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. मी तोंडात पदर कोंबला. रेडिओची पेटी मामाजींच्या उशाशीच असायची आणि ते दुपारचे आडवे झाले होते. संध्याकाळी ह्यांनी समजावून सांगितलं की स्पीकर जसा बोलतो तसा थोडा ऐकतोही, दोन्हीकडे शांत असेल तर तारेतून इकडचं तिकडे जातं. भिंतीला कान असतात हे आजवर ऐकलं होतं, आमच्या भिंतीला तर तोंडही फुटलं.

दुसरी कुणी असती तर त्या दिवसापासून त्या स्पीकरखाली बोलायची बंद झाली असती. आत्याबाई उलट तिथेच जास्त बसायला लागल्या. जे नवऱ्याला तोंडावर सांगता येत नव्हतं ते त्या मला सांगायच्या, स्पीकरकडे तोंड करून. "यंदा गच्चीची डागडुजी झाली पाह्यजे वं सूनबाई," असं मला सांगून मी काय करणार होते? पण आठवडाभरात गच्चीवर माणसं चढलेली दिसायची. बैठकीत मामाजी म्हणत, माह्याच मनात आलं.

एवढं सगळं त्या तारेतून जायचं, पण माझ्या मनातली एक गोष्ट तिच्यातून जात नव्हती. लग्नानंतर मला माहेरी पाठवलंच नव्हतं. आणि त्याला कारण झाली होती बाबांची जीभ.

लग्नात व्याहीभेट असते. दोन्हीकडचे बाप एकमेकांना हार घालतात, मिठी मारतात, आणि व्याह्याने व्याह्याची थोडी थट्टा करायची हाही मानच. माझ्या बाबांना तर थट्टेसाठी निमित्तही लागायचं नाही. भर मांडवात मामाजींना मिठी मारताना ते मोठ्यांदा म्हणाले, "जरा जपून मिठी मारा लागन गा! लाकूडवाले व्याही हायेत, अंगात छिलपा घुसन!"

सगळा मांडव हसला. मामाजी हसले नाहीत. वऱ्हाडासमोर, आपल्या व्यापारी मित्रांसमोर आपलं हसं झालं असं त्यांनी धरून ठेवलं. "आमच्या छिलप्याची एवढी भीती हाये तं आमच्या घरी येऊ नका," ते म्हणाले. बाबांचाही चेहरा उतरला. ते म्हणाले, "बोलावल्याशिवाय येणार नाही." मस्करीची कुस्करी झाली.

त्यानंतर सण आले, सण गेले. माझा भाऊ मला न्यायला आला की मामाजी आत्याबाईंकरवी सांगायचे, "व्याह्यानं स्वतः यावं, मंग पाठवू." तिकडे बाबांचं एकच, बोलवा, म्हणजे येतो. ह्यांनी एकदा वडिलांकडे विषय काढून पाहिला आणि असे परत आले की पुन्हा काढायला मीच सांगितलं नाही. भाऊ येताना टोपलीभर संत्री आणायचा, ती मामाजी मित्रांना कौतुकाने वाटायचे, पण संत्र्याच्या मालकाचं नाव घ्यायचे नाहीत.

मला लोक सांगायचे, होईल सगळं ठीक. होईल तेव्हा होईल. मला रोज आठवण यायची ती बाबांच्या आवाजाची. चेहरा डोळे मिटले की दिसायचा, पण आवाज आठवायला जावं तर निसटून जायचा. एक दिवस मला वाटलं, मी बाबांचा आवाज विसरायला लागले आहे, आणि त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून इतकी रडले की आत्याबाईंनी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

अशात भाऊ आला. बैठकीत पाणी पिऊन, नमस्कार करून तो अंगणात मला भेटायला आला आणि हळूच म्हणाला, "बाबा रेडिओवर येऊन राहिले."

मला वाटलं चेष्टा करतोय. तर खरंच. रेडिओवाले मोठं यंत्र घेऊन आमच्या बागेत आले होते, झाडाखाली खाट टाकून बाबांना बोलतं केलं होतं आणि सगळं टेपवर घेऊन गेले होते. येत्या गुरुवारी संध्याकाळी, बातम्यांच्या आधी जो शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम असतो, त्यात ते लागणार होतं.

भाऊ गेला आणि माझा घोर सुरू झाला. मामाजी रेडिओ लावायचे तो बातम्यांच्या ठोक्याला. त्याआधीच्या कार्यक्रमावर त्यांचं मत असं होतं की शेतकऱ्यांचं शेतकरी ऐकतील. बाबांचं बोलणं तारेच्या त्या टोकापर्यंत येणार, मामाजींच्या उशाशी, आणि मी इकडच्या टोकाला घंटी ऐकत बसणार. ह्यांना सांगावं तर ते वडिलांपुढे मान वर करत नव्हते. मी स्वतः बैठकीत जाऊन सांगावं हे मनात यायचं आणि पाय उंबऱ्याशी थांबायचे.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारी जेवणं झाली, मामाजी बैठकीत आडवे झाले, आणि आत्याबाई भाजीची पाटी घेऊन स्पीकरखाली बसल्या.

"काय वं सूनबाई," त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तुह्या बापाचं बोलणं येऊन राहिलं म्हणते ना रेडिओवर, गुरुवारी, बातम्याच्या आंधी? आपल्या व्याह्याले सारं नागपूर ऐकन. आपणच नाही ऐकणार."

वरून काहीही आवाज आला नाही. खटका कोणत्या बाजूला होता, मामाजी जागे होते की घोरत होते, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. नुसतं तारेच्या तोंडाशी बोलून बसलो.

गुरुवारी संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली आणि मळतच राहिले. आत्याबाई म्हणाल्या, पुरे वं, लगदा होईन. बैठकीत मंडळी जमल्याचा आवाज आला. मग घंटी वाजली. दोनदा, चहा. घंटी वाजली म्हणजे खटका घंटीच्याच बाजूला होता. मी चहा टाकला, हे येऊन तो घेऊन गेले, आणि मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की ह्यांच्या हातातल्या कपबशा वाजल्या. वेळ होत आली होती, बहुतेक झालीच होती. मी हात धुतले, पदर नीट केला. आज जायचंच, मामाजींसमोर उभं राहून सांगायचंच, मग काय व्हायचं ते होवो.

मी उंबऱ्यात पाय टाकला आणि मागे स्पीकर घुमला.

कार्यक्रम सुरू झालेला होता. कुणीतरी खतांबद्दल सांगत होतं. आत्याबाईंनी झटकन स्टोव्हची हवा सोडून दिली, कारण स्टोव्हच्या फरफरीत काही ऐकू आलं नसतं. दूध अर्धं तापलेलं तसंच राहिलं. आम्ही दोघी स्पीकरखाली उभ्या राहिलो, मान वर करून, पाऊस बघतात तशा.

आधी खोकला आला. बाबा बोलण्याआधी घसा खाकरायचे, तोच, मोठा, कुणालाही न लाजणारा. रेडिओवाल्यांनी तो कसा काय ठेवला देव जाणे. मग "रामराम बाप्पा" म्हणाले. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. म्हणजे आवाज येत होता, शब्द येत होते, पण मी ते ऐकत नव्हते, आवाजातच उभी होते. आत्याबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. मधेच एकदा मन थाऱ्यावर आलं तेव्हा बाबा बहाराबद्दल सांगत होते.

"झाडाले ताण द्या लागते. पाणी तोडा लागते. पान मलूल झालं पाह्यजे, तवा फूल येते. पण हे पाहात राहा लागते बाप्पा, रोज जाऊन पाहा लागते. आपल्या हेक्यात लय ताणलं तं फूल तं येतच नाही, झाडबी जाते."

मग मधुर काहीतरी वाजलं आणि संपलं. बाबा त्या चाळणीतून निघून गेले.

पुढे ह्यांनी मला सांगितलं की बैठकीत एक व्यापारी काहीतरी बोलायला लागला तेव्हा मामाजींनी त्याला हात करून गप्प केलं होतं. "थांबा," ते म्हणाले होते, "आमचे व्याही बोलून राहिले."

इकडे मी डोळे पुसले, आत्याबाईंनी पुसले, आणि त्या स्टोव्ह पेटवायला वाकल्या. तेवढ्यात स्पीकरमधून खरखर आली. रेडिओ बंद झाला होता, पण खटका तिकडेच होता. आणि मग तो मुंगीएवढा आवाज.

"सूनबाई."

आत्याबाई काडी हातात धरून थिजल्या. मामाजींनी मला आजवर कधी हाक मारली नव्हती. "सूनबाई, ऐकून राहिली काय? तुह्ये बाबा नागपुरात आले अन् आपल्या घरी पाणीबी न पेता जातीन? लोक काय म्हणतीन मले? पोराले रिक्षा घेऊन धाडलं रेडिओच्या हापिसात, घेऊन ये म्हटलं. आता येतीन ते. त्याईले जेवणात काय लागते?"

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. मामाजींना वाटत होतं, जो बोलतो तो तिथेच बसून बोलतो. बाबा आत्ता सिव्हिल लाइन्समध्ये रेडिओच्या कचेरीत आहेत, बोलून झालंय, धोतर झटकून उठताहेत, असं त्यांनी धरलं होतं. एवढी वर्षं रेडिओ उशाशी ठेवून झोपणारा माणूस, पण टेपचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांच्या मनात एकच, व्याही गावात आलाय आणि आपल्या दारावरून उपाशी जातोय. याच्यापुढे छिलपा, रुसवा, मांडव, सगळं बाजूला पडलं होतं.

मी खरं सांगू शकले असते. मला माहीत होतं की बाबा बागेत आहेत, खाटेवर, बहुधा बैलाशी बोलत. पण त्या घरात मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं की तुझ्या बापाला काय आवडतं. आणि विचारलं होतं मामाजींनी. आत्याबाई मला कोपराने ढोसत होत्या, "बोल वं, बोल."

मी चवड्यावर उभी राहून स्पीकरला तोंड लावलं. "पाटोडी," मी म्हणाले. "पाटोडीचा रस्सा. अन् गोळाभात."

"तिखट?"

"खूप तिखट, मामाजी."

"करा मंग," तारेच्या त्या टोकाकडून आलं. "तेल हात राखून टाकू नका."

आमचं पहिलं बोलणं ते एवढंच. आजही मला त्याचं काही वाटत नाही, म्हणजे खरं न सांगितल्याचं. उलट आणखी दोन पदार्थ सांगायला हवे होते असं वाटतं.

आम्ही दोघींनी जे काही धावपळ करून रांधलं, ते मी पुन्हा कधी तसं रांधू शकले नाही. बेसन शिजवून थापलं, वड्या पाडल्या, रश्शाला अशी तर्री आली की आत्याबाईंना ठसका लागला. मामाजींचे मित्र पांगले. मामाजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून अंगणात आले, स्वतःच्या हाताने पाट मांडला, दुसरा पाट मांडला, आणि दोन्ही पाटांमधलं अंतर तीनदा कमी-जास्त केलं.

हे रिकामी रिक्षा घेऊन परत आले. दारातच उभे राहिले. "बाबूजी, तिथं कोणी नाही. चौकीदार हसून राहिला होता. ते टेप असते म्हणते. आंधीच भरून ठेवते, मंग लावते. ते तिकडे आपल्या गावीच असतीन, त्याईच्या बागेत."

मला वाटलं, आता वीज पडणार. आत्याबाईंनी दाराआडून देवाचं नाव घेतलं. मामाजी पाटांकडे बघत उभे राहिले. मग टोपी काढून त्यांनी हातात धरली.

"म्हंजे," ते हळू म्हणाले, "आपण ऐकलं हे त्याईले मालूमच नाही."



"डबा भरा," मामाजी म्हणाले. "सकाळच्या मोटरनं जाऊ. सूनबाईचे कपडे बांधून ठेवा म्हणावं, चार दिवसाचे."

ते आत्याबाईंना सांगत होते, पण बघत माझ्याकडे होते. मी पदराखालून मान हलवली. त्या रात्री जेवताना त्यांनी पाटोडीला हात लावला नाही. सगळी डब्यात भरायला लावली.

सकाळच्या एसटीत मामाजी पुढच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले. रस्ता खराब होता आणि प्रत्येक खड्ड्याला ते दोन्ही हातांनी डबा उचलून धरायचे, तान्हं मूल धरावं तसा. मी मागून बघत होते आणि मला त्या माणसाचा कधी राग आला होता हे खोटं वाटायला लागलं.

बाबा बागेत पाटाचं पाणी वळवत होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मामाजींना बांधावर पाहिलं आणि त्यांच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. त्यांच्याही तोंडाला शब्द फुटेना, बाबांच्या! मामाजी उभे. बाबा उभे. पाणी भलत्याच वाफ्यात जायला लागलं. शेवटी मामाजींनी डबा पुढे केला.

"कालचं हाये," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच केलं होतं. थोडं चुकलं आमचं, तुमी आलेच नोयते."

बाबांना यातलं काही कळलं नसावं. त्यांनी हात धोतराला पुसले, डबा घेतला, झाडाखालच्या खाटेकडे बोट केलं, "बसा." दोघे बसले. मी थोडी दूर, झाडाला टेकून उभी राहिले, मामाजी होते म्हणून. बाबांनी अजून माझ्याकडे नीट बघितलंही नव्हतं. बघितलं तर रडू येईल म्हणून ते बघत नव्हते, हे मला माहीत होतं.

घसा खाकरून झाला. मग बाबांनी विचारलं, अगदी लहान पोराने विचारावं तसं, "काल ते रेडिओचं... आमच्या गावच्या रेडिओत तं नुसती खरखर होती, काहीच समजलं नाही आमाले. तिकडे आलं काय, नागपूरले? बरोबर ऐकू आलं काय माह्यं?"

मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"आलं ना," ते म्हणाले. "पार सैपाकघरापर्यंत आलं."